मसणवटीकडे तोंड

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या अलीकडे कातळपाड, पलीकडे वेळशी, आणि मधे जैतूची तर, म्हणजे उतारू पार नेणारी होडी. अख्खं कातळपाड त्याच्या होडीतून ये-जा करायचं आणि अख्खं कातळपाड त्याच्यावर संशय घ्यायचं. का, म्हणाल तर ऐका.

वेळशीचा धक्का अगदी समोर. नाकासमोर वल्हवत गेलं की पोचलं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ओहोटी लागली की जैतू आधी काठाकाठानं खाडीच्या वरच्या अंगाला जायचा, आणि मग होडीचं तोंड धरायचा ते धक्क्याच्याही वर असलेल्या वेळशीच्या मसणवटीवर. माणसं जिवंत आणि होडी निघाली मसणात! बरं, जायची का मसणात? छे! तिरकी तिरकी सरकत बरोब्बर धक्क्याला लागायची. त्यानं तर संशय दुप्पट झाला. तोंड एकीकडे आणि पोच दुसरीकडे, हे काय सरळ माणसाचं काम? मसणातल्या भुतांशी जैतूचं सूत आहे, तीच होडी ओढतात, असं म्हणत. जैतूला विचारलं तर तो एवढंच सांगायचा, "ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढतं. ते किती ओढणार, तेवढं आधीच वर धरावं लागतं." पण ऐकतो कोण?

यात सगळ्यांत पुढं येसू. दूध घरात आलं की बोट बुडवून पाणी किती ते बघणारी बाई ती. तिची लेक चंद्रा पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. पहाटे कळा सुरू झाल्या, दुपार कलली तरी सुटका होईना. सुईण वेळशीची, आणि ती पायानं अधू. चंद्रालाच न्यायला हवं होतं. गडीमाणसं सगळी मासेमारीला गेलेली. त्यात अमावास्येची ओहोटी, पाणी नुसतं धावत होतं.

बायांनी चंद्राला उचलून होडीत निजवलं. जैतू म्हणाला, "येसूवयनी, आज मला दोन्ही वल्ही मारल्याशिवाय भागायचं नाही. सुकाणू तुम्ही धरा. तोंड मसणवटीवर ठेवा, बाकी काही बघू नका."

येसूच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. होडी काठाकाठानं वर चालली तशी ती पुटपुटली, "काखेत कळसा नि गावाला वळसा." मग खाडीत शिरल्यावर समोर मसणवट दिसली. तिथं कुणाचं तरी सरण धुमसत होतं. अमावास्या, अडलेली लेक, आणि हा मेला मला माझ्याच हातानं तिला तिकडं न्यायला सांगतो! वल्हवणारा पाठमोरा बसतो, त्याला पुढचं दिसत नाही. येसूनं हळूच सुकाणू फिरवलं आणि तोंड सरळ धक्क्यावर धरलं.

धक्का नाकासमोर होता, पण थांबेना. वर वर सरकू लागला. येसूनं पुन्हा तोंड त्याच्यावर आणलं, तो पुन्हा सरकला. "अगं बाई, भुतांनी धक्का पळवला!" ती किंचाळली.

जैतूनं मान वळवून पाहिलं. खाली खाडीच्या मुखाशी खडकांवर लाटा पांढऱ्याफेक फुटत होत्या, आणि होडी तिकडेच चालली होती. तो रागावला नाही. "वयनी, धक्का आहे तिथंच आहे. आपण वाहतोय. आता तरी मसणवटीवर धरा. पोरीसाठी धरा."

चंद्राचं कण्हणंही मंदावलं होतं. येसूनं देवाचं नाव घेतलं आणि आपल्या जित्या लेकीसकट होडीचं तोंड त्या धुराकडे वळवलं.

जैतू वल्हवू लागला. पाणी दोन्ही बाजूंनी सळसळत मागं जात होतं, आणि काठावरचा माड मात्र जागचा हलत नव्हता. एवढा जोर लावून होडी होती तिथंच! मग माड बोटभर मागं गेला, मग हातभर. वल्ह्यांतून धूर निघाला असं म्हणतात. त्याच्या तळहातांच्या रक्तानं खाडी लाल झाली, आणि घटकाभर ओहोटीच थांबली, असंही म्हणतात. मला विचाराल तर ओहोटी काही थांबली नसेल. तो मात्र थांबला नाही.

होडी धक्क्याला लागली. वेळशीच्या बायांनी चंद्राला उचलून सुइणीकडे नेलं. दिवेलागणीच्या आत तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप. येसू धावत धक्क्यावर आली, जैतूला सांगायला. तो वल्ह्यांवर हात ठेवून मान खाली घालून बसला होता. तिनं हाक मारली, खांदा हलवला. तो कधीचाच गेला होता. येसूनं हंबरडा फोडला, "जैतू, मी फिरवलं रे सुकाणू! तुझी दोन खेपांची ताकद मी एका खेपेत खाल्ली रे!"

त्याला वेळशीच्याच मसणवटीत दहन दिलं.

आता पूल झालाय. तरीही कातळपाडची लेक अडली की तिची आई खाडीवर येते, होडीत बसते, आणि स्वतःच्या हातानं होडीचं तोंड क्षणभर मसणवटीकडे धरते. भरती असली तरी! पाण्याच्या हिशेबानं हा शुद्ध वेडेपणा. नव्यानं नांदायला आलेल्या सुना घाबरतात, सासूचा हात धरून म्हणतात, "अहो आई, तिकडं नको."

"घाबरू नको, बाय," सासू सांगते. "तिकडं आपला जैतू आहे."