धनेशिणीचा नेम

रानाला कुंपण घालायची कुणाला बुद्धी झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण पक्षीण झाडाच्या ढोलीत शिरून ढोलीचं तोंड आतून चिखलाने लिंपून घेई. चोच मावेल एवढी फट तेवढी ठेवी, आणि धनेश तिला बाहेरून फळं भरवी.

एका वर्षी पहिल्यांदाच ढोलीत बसलेली एक धनेशीण थोड्याच दिवसांत वैतागली. "फोडून टाकते ही भिंत," ती म्हणाली.

"आणि साप आला म्हणजे?" धनेश म्हणाला. "अगं, आयतं बसून खायचं, आणखी काय हवं तुला?"

तिने रागाने तोंडातली जांभळाची बी त्याच्यावर थुंकली. त्याने मान चुकवली आणि बी खालच्या काळ्या दगडावर टणकन आपटली. धनेशिणीला हसू फुटलं. मग तिला नादच लागला. फळ खायचं, बी तोंडात घोळवायची आणि दगडावर नेम धरायचा. दिवस कसे सरले ते कळलंही नाही.

पिल्लं मोठी झाली, भिंत फुटली. "मी सगळं रान पालथं घातलं," धनेश ऐटीत सांगू लागला, "तुमची आई मात्र नुसती घरात बसून होती."

पिल्लं खाली बघत होती. काळ्या दगडाभोवती जांभळाची कोवळी रोपं दाटीने उगवली होती.

"आई, एक रोप त्या लांबच्या वारुळावर कसं गं?"

"तो माझा पहिल्या दिवसांतला नेम," धनेशीण म्हणाली.