ठिपक्यांचा गवा

पूर्वी, नगरं वसली नव्हती आणि राज्य करायला राजेही नव्हते, त्या काळी बोधिसत्त्व विंध्याच्या रानात गवा होऊन जन्मला होता. गवा काळा असतो. हाही काळाच, पण याच्या अंगभर पांढरे ठिपके होते. बांबूच्या बेटात उभा राहिला की ते कवडशांत मिसळून जात आणि चार हातांवरच्या शिकाऱ्यालाही तो दिसत नसे. म्हणून तर म्हातारा होईपर्यंत जगला.

जवळच्या गुहेत एक टोळी राहत असे. हिरडी नावाची म्हातारी तिथली चितारीण. डोळ्यांनी पाहिलं तेच भिंतीवर काढायचं, अशी रीत होती. खोटं जनावर काढलं तर रान रुसतं, असं सगळे मानत. हिरडीनं पाणवठ्यावर हा गवा पाहिला, पाणी पिऊन तो बांबूच्या बेटात शिरला तेही पाहिलं. मग तो गेरूनं काढला आणि पांढऱ्या मातीत बोट बुडवून ठिपके उमटवले. नेमकी त्यानंतर दहा दिवस शिकार मिळाली नाही. झालं, सगळ्यांचे डोळे त्या चित्राकडे वळले.

टोळीचा नायक धावडा तिचा सख्खा भाचा. ठिपके हरणाला असतात, गव्याला नाही, असं तो म्हणाला. उद्या दुपारपर्यंत असा गवा दाखव, नाहीतर गुहा सोड. एकटीनं रानात जाणं म्हणजे वाघाच्या तोंडी जाणं, हे काय तिला कळत नव्हतं? बेटाकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी सुटली असती. पण मग गवा मेला असता. तिनं तोंडातून ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत निघाली. बेटाजवळून जाताना रडत होती, पण तिकडे पाहिलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्या शिकाऱ्यांच्या बोलण्यातून बोधिसत्त्वाला सगळं समजलं होतं. तो बाहेर आला, तिला मागे फिरवलं आणि भर उन्हात गुहेसमोरच्या उघड्या कातळावर जाऊन उभा राहिला. उपाशी माणसांनी धनुष्यं ताणली. हिरडी मध्ये आडवी आली.

"हिनं काढलं ते खरं आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "हिला आत घ्या. माझं काय ते तुम्ही ठरवा."

"आत्या, हा कुठे असतो ते तुला ठाऊक होतं?" धावड्यानं विचारलं.

"होतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मारला असतास, बाबा."

धावड्याला फार लाज वाटली. त्यानं धनुष्य खाली ठेवलं, बाकीच्यांनीही ठेवलं. टोळी त्या दिवशीही उपाशीच झोपली.

एवढं सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची हिरडी म्हणजे ही भिक्षुणी सुपन्ना. धावडा म्हणजे काल हिला खोटी म्हणणारा वप्पिल. तो गवा मीच होतो. लपून वाचता येत असताना दुसऱ्याच्या खरेपणासाठी उघड्यावर येणं, ही सत्यपारमिता."

वप्पिल उठला आणि सर्वांदेखत त्यानं सुपन्नेची क्षमा मागितली.