चासीतली चीर

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात शिदबा नावाचा एक ट्रकवाला राहत होता. घाटावर सात वाड्या होत्या. वाड्यांना मीठ, कौलं, सिमेंट, जे जे लागे ते शिदबा खालून वर नेई आणि वरचा बटाटा नि नाचणी खाली बाजारात आणी. रस्ता अरुंद होता आणि वळणं अवघड. दुसरे ट्रकवाले त्या वाटेला जात नसत. त्यामुळे वाड्यांचं शिदबावाचून अडे आणि शिदबाचं पोट वाड्यांवर चाले.

ट्रक जुना होता. शिदबानं तो बावीस वर्षं चालवला होता. दर दसऱ्याला तो स्वतःच्या हातानं त्याला रंग देई, हौद्याच्या फळ्यांवर मोर काढी, आणि वाड्यांतली माणसं लांबून मोर दिसले की म्हणत, शिदबा आला.

पण रंगानं इंजिन तरुण होत नाही. गेली दोन वर्षं ट्रक चढावर काळा धूर सोडत होता. शेवटच्या चढाला तर बरोबरची माणसं खाली उतरून चालत आणि ट्रकच्या आधी वर पोहोचत. मग एक दिवस, भर चढावर, इंजिनातून मोठा आवाज आला, रस्त्यावर तेल सांडलं आणि ट्रक जो थांबला तो थांबलाच. दोन ट्रॅक्टर लावून तो खाली आणावा लागला.

गावाबाहेर दस्तगीर मिस्त्रींची शेड होती. मिस्त्री म्हातारे होते आणि सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांनी इंजिन उघडलं, आत हात घातला आणि हात पुसत सांगितलं की हे इंजिन आता दुरुस्त होण्यापलीकडे गेलं आहे. आता दोनच वाटा होत्या. एक तर या ट्रकमध्ये दुसरं डिझेल इंजिन बसवायचं, नाहीतर हा ट्रक विकून एखादा वापरलेला पण धड ट्रक घ्यायचा. खर्च दोन्हीकडे साधारण सारखाच येणार होता.

शिदबाला विचार करावा लागला नाही. त्याला आपलाच ट्रक हवा होता. चाचांच्या शेडमध्ये एक चांगलं इंजिन वर्षभर ताडपत्रीखाली पडून होतं. ते जुन्यापेक्षा मोठं होतं आणि जोरकसही. शिदबा म्हणाला की तेच बसवा, म्हणजे घाटात कोणाला उतरून चालायला नको.

चाचांनाही ते हवंच होतं. त्या वर्षी शेडवर फारसं काम आलं नव्हतं. इंजिन विकलं गेलं असतं आणि बसवण्याचं पंधरा दिवसांचं काम हाती आलं असतं. तरी ते म्हणाले, "मला एक दिवस दे. आधी गाडी खालून बघतो."

दुसऱ्या दिवशी शिदबा शेडवर आला तेव्हा चाचा ट्रकखालून बाहेर येत होते. त्यांनी बिडी पेटवली, पण ओढली नाही. मग सांगितलं की चासीला, म्हणजे ज्या लोखंडी सांगाड्यावर सगळी गाडी उभी असते त्याला, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर चीर गेली आहे. वर रंगाचे थर बसल्यामुळे ती दिसत नव्हती. आजवरचं इंजिन अशक्त होतं म्हणून ती तग धरून राहिली. नवं इंजिन तिला तग धरू देणार नाही.

शिदबा म्हणाला की वेल्डिंग करून टाका.

चाचांनी बिडी विझवली. "तरुणपणी मी अशीच एक गाडी वेल्डिंग करून दिली होती," ते म्हणाले. "गाडी परत आली. माणूस आला नाही."

शिदबाला राग आला. चाचा म्हातारे झाले, त्यांना आता काम झेपत नाही, म्हणून ते काहीतरी कारण काढतात, असं त्याला वाटलं. तो घरी गेला. त्याची बायको हौसा हिनं विचारलं तेव्हाही त्यानं नीट सांगितलं नाही. पण सकाळी तो एकटाच शेडवर गेला, ट्रकखाली उताणा पडला, आणि चाचांनी जिथला रंग खरवडला होता तिथे बोट फिरवलं. त्याचं नख त्या चिरेत आत गेलं.

तो बराच वेळ तसाच पडून राहिला. बाहेर आला तो चाचांना एवढंच म्हणाला की दुसरा ट्रक बघू.

तालुक्याच्या बाजारात एक वापरलेला ट्रक विकायला उभा होता. चाचांनी तो पाहिला आणि घ्यायला हरकत नाही म्हणाले. विकणारा आठ दिवस थांबायला तयार होता. पण तो ट्रक घ्यायचा तर जुना ट्रक वापरायची गाडी म्हणून विकला जायला हवा होता. भंगारात घातला तर त्याचं फार थोडं येणार होतं.

तिसऱ्या दिवशी घाटावरच्या पाचव्या वाडीतला खेमा मांडववाला शिदबाच्या दारात आला. शिदबाचा ट्रक विकायचा आहे हे त्याच्या कानावर गेलं होतं. खेमाचा धंदा लग्नकार्यात मांडव घालण्याचा. बांबू, कनाती, भांडी असं सामान घेऊन तो गावोगाव फिरे. त्याला स्वतःची गाडी हवी होती. इंजिन त्याचा मेव्हणा मिळवून देणार होता, फक्त ट्रक हवा होता. त्यानं सांगितलेली किंमत शिदबाला हवी होती तेवढीच निघाली.

शिदबा त्याला शेडवर घेऊन गेला. खेमानं हौद्याभोवती एक फेरी मारली, मोरावरून हात फिरवला, चाकावर पाय ठेवून वर चढला आणि खूश होऊन उतरला. सामान खाली रचायचं, वर चार गडी आणि दोघे भाऊ बसायचे, एका खेपेत सगळं जाईल, असं तो सांगत होता. त्यानं कमरेचा कसा सोडला आणि बयाणा शिदबाच्या हातावर ठेवला.

चाचा शेडच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी घासत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. गाडी त्यांची नव्हती आणि बोलण्याचा हक्क ज्याची गाडी त्याचा, असं ते मानत.

शिदबानं हातातल्या पैशांकडे पाहिलं. खेमानं काही विचारलं नव्हतं, त्यामुळे खोटं बोलण्याची वेळच आली नव्हती. गप्प राहिलं की झालं. रंगाचा एक हात दिला की ती चीर पुन्हा कोणाला दिसणार नव्हती. आठ दिवसांत दुसरा ट्रक दारात आला असता. त्यानं गप्प राहून पाहिलं. पण त्याला ते सहा जण सामानावर बसलेले दिसू लागले, आणि घाटातलं ते वळण, जिथे मागची चाकं नेहमी खड्ड्यात उतरतात.

"खेमा, सौदा पक्का करण्याआधी जरा खाली बघून घे," तो म्हणाला.

"तुमची गाडी आहे, अण्णा. तिच्यात काय बघायचं?"

"माझी आहे म्हणूनच बघ."

त्यानं जमिनीवर गोणपाट अंथरलं आणि दोघेही ट्रकखाली शिरले. शिदबानं खेमाचं बोट धरून चिरेवर ठेवलं. मग इंजिनाचा जोर वाढला की काय होईल ते चाचांनी जसं सांगितलं होतं तसंच त्याला सांगितलं.

खेमा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं बयाणा परत घेतला आणि कमरेच्या कशात बांधला.

"तुम्ही बोलला नसता तर मला कळलं नसतं," तो म्हणाला.

"मलाही परवापर्यंत कळलं नव्हतं. चाचांनी सांगितलं म्हणून कळलं."

खेमा निघून गेला. आठ दिवस उलटले आणि बाजारातला तो ट्रक दुसऱ्या कोणीतरी नेला. हौसा दोन दिवस नवऱ्याशी धड बोलली नाही. तिला तो चुकला असं वाटत नव्हतं, पण पुढचे महिने कसे जाणार हे तिला दिसत होतं. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना ती म्हणाली, "खेमाची बायको माझ्या माहेरची आहे. काही झालं असतं तर मला तिच्यासमोर जाता आलं नसतं." एवढंच बोलून तिनं भाकरी त्याच्या ताटात टाकली.

शिदबानं ट्रक भंगारात दिला. भंगारवाले शेडवर आले. त्यांनी हौदा आणि केबिन काढून घेतली आणि उघडी चासी उचलायला मधोमध साखळी लावली. चासी जमिनीपासून हातभर वर गेली असेल नसेल, तोच चिरेपाशी ती उघडली आणि मागचा भाग खाली लोंबू लागला. वर इंजिन नव्हतं, बटाट्याचं एक पोतंसुद्धा नव्हतं. खेमा त्या दिवशी चाचांना काही विचारायला म्हणून तिथे आलेला होता. त्यानं ते पाहिलं. तो शिदबाजवळ आला, त्याच्या दंडाला हात लावला आणि निघून गेला.

पुढचे चार महिने शिदबानं वीटभट्टीवर दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवला. वाड्यांचं मीठ बैलगाडीनं जाऊ लागलं, तेही अर्ध्या वाटेपर्यंत. पुढे माणसं डोक्यावरून नेत. वाटेत कोणी भेटलं की शिदबाला विचारत, गाडी कधी? तो म्हणे, बघू. त्याचे मोर लोकांना आठवत आणि ते ऐकून तो मान दुसरीकडे वळवी.

चाचांचं इंजिन मात्र गेलं. खेमानं एक बंद पडलेला ट्रक शोधून काढला. त्याचं इंजिन मेलं होतं, पण सांगाडा धड होता. खेमानं तो ओढत चाचांकडे आणला आणि म्हणाला की मेव्हण्याकडचं इंजिन नको, तुमचंच हवं आणि बसवायचंही तुम्हीच. जो मिस्त्री आलेल्या कामाला नाही म्हणू शकतो, त्याच्याच हाताखाली माझी गाडी जाऊ दे. चाचांनी तो ट्रक आधी एक दिवस खालून पाहिला. मगच ताडपत्री काढली.

त्या वर्षी लग्नाच्या तिथी पुष्कळ होत्या. खेमा जिथे जिथे मांडव घाले तिथे तिथे बांबू बांधता बांधता शिदबाची गोष्ट सांगे. ऐकणारे घरी जाऊन ती आणखी कोणाला तरी सांगत. अशी ती गोष्ट घाटावरच्या पठाराच्या पार पलीकडच्या गावात रावजी नावाच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरपर्यंत पोहोचली.

रावजींची नजर दोन वर्षांपूर्वी गेली होती. त्यांचा ट्रक पत्र्याच्या छपराखाली उभा होता. दर आठवड्याला ते चाचपडत केबिनमध्ये चढत, इंजिन चालू करत, थोडा वेळ ऐकत आणि बंद करत. घ्यायला बरेच जण आले होते, पण त्यांनी कोणालाच दिला नव्हता. त्यांनी शिदबाला निरोप पाठवला.

शिदबा चाचांना घेऊन गेला. रावजींनी दोघांना बसवलं, चहा दिला, आणि बॉनेटवर हात ठेवून ट्रकचे दोष सांगायला सुरुवात केली. तिसरा गिअर उतारावर सुटतो, तो दाबून धरावा लागतो. डावं दार उचलून लावावं लागतं. थंडीत इंजिन पहिल्यांदा चालू व्हायला वेळ घेतं. हौद्याची मागची फळी कुजली आहे. "मला ठाऊक आहे ते एवढं," ते म्हणाले. "डोळे गेल्यापासून काय झालं असेल ते मला माहीत नाही. तुम्ही बघून घ्या."

चाचांनी सकाळपासून दुपारपर्यंत पाहिलं. सांगाडा ठणठणीत होता. एका मागच्या चाकाचं बेअरिंग तेवढं झिजलेलं निघालं. रावजींनी ते ऐकून मान हलवली आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी केली.

तरीही शिदबाकडे पुरेसे पैसे नव्हते. गाठीचे, भंगाराचे आणि वीटभट्टीवरचे मिळून निम्म्याहून थोडे अधिक होत होते. त्यानं ते सांगून टाकलं आणि उठायला लागला.

"बसा," रावजी म्हणाले. "आहेत तेवढे द्या. बाकीच्या बदल्यात माझ्या शेतातला बटाटा दोन हंगाम बाजारात न्या."

शिदबानं विचारलं, "तात्या, इतके लोक येऊन गेले. माझ्यासारख्या अनोळखी माणसाला का देता?"

"जे आले त्या सगळ्यांनी मला त्यांचे गुण सांगितले," रावजी म्हणाले. "तुमच्या गाडीचा दोष मात्र मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला, आणि तो तुम्ही स्वतःच दाखवलेला होता. असा माणूस माझ्या गाडीखाली वाकून बघत राहील. मला आता तेच हवं आहे."

रावजींचा हात धरून शिदबानं त्यांना केबिनमध्ये आपल्या शेजारी बसवलं आणि ट्रक छपराबाहेर काढला. गावाच्या वेशीपर्यंत ते सोबत आले. तिथे उतरल्यावर ते आवाज दूर जाईपर्यंत कान देऊन उभे राहिले. ट्रक सात वाड्यांच्या रस्त्याला लागला. चाचा मागे हौद्यात बसले होते आणि कुजलेल्या फळीपासून जरा लांब सरकून बसले होते.

तात्पर्य: ज्या खऱ्या बोलानं आपल्याला वाचवलं, तो दुसऱ्यापर्यंतही पोहोचवावा. कोणी न विचारताही आपल्या वस्तूचा दोष जो दाखवतो, त्याच्या हाती लोक आपली मोलाची वस्तू विश्वासानं देतात.