रांजणातल्या वड्या

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा खेकडे माणसांशी बोलत आणि माणसंही थांबून त्यांचं ऐकून घेत. हल्ली खेकडे बोलतात की नाही कोण जाणे, ऐकायला मात्र कुणाला सवड नाही.

त्या काळी एका राज्यात समुद्राजवळच्या खाडीवर पाच खांबांचा दगडी पूल होता. अलीकडे गाव, पलीकडे देवीचं देऊळ. चैत्री पौर्णिमेला सगळा गाव पालखीमागून पुलावरून देवळात जाई. म्हातारे, लेकुरवाळ्या, बैलगाड्या, ढोलवाले, सगळे एकदम.

पुलाचे दगड चुन्याने सांधलेले होते. पूल बांधताना राजाने फर्मान काढलं होतं. चुन्याच्या प्रत्येक घाणीतून, म्हणजे एका वेळी मळलेल्या चुन्यातून, थोडा चुना बाजूला काढायचा, त्याच्या वड्या पाडायच्या आणि त्या पाण्यात ठेवायच्या. दर वर्षी जत्रेआधी दरबारात एक वडी हातोडीने फोडून बघायची. दहा घाव सोसले तर पूल मजबूत, पालखी निघू द्यायची. नाही सोसले तर पूल बंद.

या वड्या सांभाळायला राजाने एक पारखी नेमला होता. चुन्याचा नुसता वास घेऊन तो घाणी किती मळली ते सांगे. ओल्या वडीवर तो डाव्या हाताचा अंगठा उमटवी आणि खांबाच्या आकड्याइतक्या रेघा ओढी. तरुणपणी छिन्नी लागून त्या अंगठ्यावर आडवा व्रण राहिला होता, तोही प्रत्येक वडीवर उमटे. त्यामुळे वडी कुणाची आणि कुठल्या खांबाची, याबद्दल कधी वाद झाला नाही.

पारख्याला मूलबाळ नव्हतं. नवराबायकोने वड्यांनाच जीव लावला. माजघराच्या थंड सावलीत मोठा रांजण पुरला होता, त्यात त्या बुडवून ठेवल्या होत्या. पारखीण दर आठ दिवसांनी विहिरीचं ताजं पाणी भरी आणि त्याआधी रांजण आतून हाताने पुसून घेई. "खाडीत ठेवल्या तर भरतीबरोबर वाहून जातील, नाहीतर खेकडे कुरतडतील," असं पारखी म्हणे. पाण्यात ठेवा, एवढंच फर्मानात होतं. कुठल्या पाण्यात, ते कुणी लिहिलंच नव्हतं.

वीस वर्षं वडीने दहा घाव सोसले. वीस वर्षं दरबाराने मान डोलावली आणि पारख्याच्या खांद्यावर शाल आली. गावातल्या बायका लेकरांना सांगत, "पारखीबाबांनी बघितलंय ना, मग बिनघोर चल." आपल्या म्हाताऱ्या पारख्याच्या जिवाला याहून मोठं सुख नव्हतं.

एकविसाव्या वर्षी, जत्रेला तीन दिवस उरले असताना, पारखी ओहोटीच्या वेळी पुलाखाली फिरायला गेला. गवंड्यांनी जत्रेसाठी पाण्यावरच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, नेहमीसारख्या नव्याने लिंपल्या होत्या. पूल नवरदेवासारखा नटला होता. पारखी कौतुकाने वर बघत उभा राहिला, तेवढ्यात पायाशी कुणीतरी बोललं.

"पारखीबाबा, वर काय बघता? खाली बघा की जरा."

तिसऱ्या खांबाच्या बुडाशी, दोन दगडांच्या फटीतून एक म्हातारा खेकडा डोळे बाहेर काढून बघत होता.

"का रे बाबा, काय झालं?"

"मी लहान होतो तेव्हा या दरजेत घर करायला मला सगळा पावसाळा लागला. नांग्या झिजल्या माझ्या. आता नांगी नुसती टेकवली तरी चुना पिठासारखा सांडतो. मागल्या महिन्यात मी पार पलीकडच्या अंगाला बाहेर निघालो."

पारखी हसला. "अरे वेड्या, याच खांबाची वडी मी गेल्या साली फोडली. दहा घाव बसले तरी ढिम्म हलली नाही."

खेकडा आत गेला आणि चिखलातून काहीतरी ढकलत ढकलत घेऊन आला. "ही बघा. पूल बांधताना तुमच्या पाटीतून पडली होती. तेव्हापासून माझ्या दारातच आहे."

ती वडी होती. तिच्यावर तीन रेघा होत्या. अंगठ्याचा ठसा जवळपास विरला होता, पण आडवा व्रण अजून दिसत होता. पारख्याने ती उचलली आणि सवयीने दोन बोटांत दाबली. तिचा कोपरा बोटांतून वाळूसारखा गळून गेला.

"तुमच्या वड्या गोडं पाणी पितात, बाबा," खेकडा हळूच म्हणाला. "पूल खारं पाणी पितो. वर ऊन खातो, खाली लाटा खातो."

पारखी तिथेच चिखलात बसला.

घरी येऊन त्याने ती वडी बायकोसमोर ठेवली. तिने ती हातात घेतली, रांजणातली तीन रेघांचीच तिची बहीण काढून शेजारी ठेवली आणि दोघींवरून बोट फिरवलं.

"अहो, आपणच लाडावून ठेवलं हो त्यांना," ती म्हणाली.

"आता बोललो तर वीस वर्षं पाण्यात जातील," पारखी म्हणाला. "लोक तोंडावर हसतील. आणि समज, या वर्षीही पूल उभाच राहिला तर?"

"तर तुम्ही हसं झालेले जगाल. आणि पडला तर? पालखीमागे पहिल्या रांगेत कोण असतात, ते ठाऊक आहे ना तुम्हाला? पोटाशी लेकरं धरलेल्या बायका."

पारख्याने डोळे पुसले आणि पागोटं डोक्याला चढवलं.

दरबारात त्याने दोन्ही वड्या राजासमोर ठेवल्या. पहिलीवर हातोडी मारली, ती घंटेसारखी वाजली. दुसरी त्याने राजाच्याच तळहातावर ठेवली. राजाने मूठ मिटली आणि उघडली, तर हातात नुसता भुगा.

"दोन्ही तिसऱ्या खांबाच्याच, महाराज. पूल बांधताना याच अंगठ्याने उमटवलेल्या."

राजाचा चेहरा उतरला. "मग वीस वर्षं तुम्ही आम्हाला काय दाखवत होता?"

"माझ्या घरचा रांजण, महाराज. पूल मी कधी दाखवलाच नाही."

दरबारात कुणी हसलं नाही. पण बाहेर बातमी फुटताच सगळा गाव पारख्यावर तुटून पडला. पूल बंद झाला. पालखी पहिल्यांदाच होडीत बसली, तीही पुलापासून बरीच वरच्या अंगाला. ढोल भिजले, नैवेद्याच्या पुरणपोळ्यांवर खारं पाणी उडालं. "म्हाताऱ्याला चळ लागलाय," असं लोक त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत होते. पारखी मान खाली घालून शेवटच्या होडीत बसला. पारखीण त्याला खेटून बसली.

भर दुपारी उधाणाची भरती आली. होड्या मधोमध असतानाच तिसरा खांब गुडघ्यात मोडल्यासारखा खचला. त्याच्यावरच्या दोन कमानी खाडीत कोसळल्या. पाणी उसळलं, होड्या डुलल्या आणि मग सगळं शांत झालं. शेजारच्या होडीतल्या एका बाईने लेकरू छातीशी घट्ट धरलं, पारख्याकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले. पारख्याला रडू आवरेना.

राजाने त्याला काढून टाकलं नाही. नवा पूल त्याच्याच देखरेखीखाली बांधायचा ठरला. पारख्याने आधी फक्त वड्याच पाडल्या, चुन्यात कमीजास्त जिन्नस घालून केलेल्या वेगवेगळ्या मेळाच्या, आणि काथ्याच्या जाळ्यांत भरून खाडीत टांगल्या. ओहोटीत त्यांना ऊन लागे, भरतीत खारं पाणी. वर्षभराने पहिली वडी हातात भुगा झाली, तेव्हा तो चक्क खूश झाला. "आत्ता मोडलीस, फार बरं केलंस," असं तो तिला म्हणाला. दुसरी मोडली, तिसरी मोडली. भाजलेल्या विटांची पूड जास्त घातलेली सातव्या घाणीची वडी मात्र तीन वर्षं लाटा खाऊन टिकली. त्याच मेळाने पूल उभा राहिला.

माजघरातला रांजण पारखिणीने काढून पुलाच्या तोंडाशी ठेवला. त्यातलं गोडं पाणी आता येणारेजाणारे पितात.

खेकड्याला तेवढं नवं घर शोधावं लागलं. नव्या दरजेत त्याची नांगी शिरेना. "खरं बोललो आणि बेघर झालो," असं तो कुरकुरला, पण खडकाखालच्या नव्या बिळातून तो रोज पूल बघायचा. पारखी वड्या तपासायला आला की दोघं ओहोटी संपेपर्यंत गप्पा मारत बसायचे.

बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो, या गोष्टीतून एवढंच घ्या: ज्याला उन्हावाऱ्यात उभं राहायचं आहे, त्याची परीक्षा सावलीत घेऊ नये.