पिंपळाखालच्या बाई

पाय गेल्यापासून शाळेच्या प्रमिलाबाई चार वर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या. यंदा मात्र कुबड्या घेऊन जत्रेत आल्या आणि स्वयंसेवकाचा बिल्ला मागू लागल्या.

जत्रा कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब सगळ्यांसमोर हसले. "बाई, इथं चुकलेल्या पोरांमागं पळावं लागतं. तुम्ही काय करणार?"

"मी पिंपळाखाली बसून राहीन."

बिल्ल्याविनाच त्या बसल्या. चुकलेलं पोर दिसलं तर इथं आणा, असं दुकानदारांना सांगून ठेवलं.

दुपारी आप्पासाहेबांचीच नात चुकली. सारे स्वयंसेवक पळत सुटले, आप्पासाहेबही. पोर फुगेवाल्याला सापडली, पण कमिटीचा एकही माणूस जागेवर नव्हता. त्यानं तिला बाईंकडे आणून सोडलं.

आप्पासाहेब धापा टाकत आले. "बाई, तुम्ही हिला शोधलं कसं?"

"शोधायला तुम्ही सगळे होतात की! सापडलेलं पोर आणून सोडायला कुणीतरी जागेवर लागतं."

आप्पासाहेबांनी मान खाली घालून स्वतःचा बिल्ला पुढे केला.

बाईंनी तो घेतला, पण लावला नाही.

"चार वर्षं मी घरात अशीच एका जागी बसून होते, आप्पासाहेब. कुणी आलं नाही. आणि मीही कुणाला हाक मारली नाही."