रुईची धाकटी

शुद्धलेखन चुकेल आणि शब्दही साधेच येतील. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

फार वर्षांपूर्वी एका डोंगरमाथ्यावर रुईचे झुडूप आणि खरपुडी नावाचे कंदाचे रोपटे शेजारी राहत. रुईचे भाऊबंद वाटेवाटेला होते. खरपुडी मात्र अख्ख्या डोंगरावर एकटीच उरली होती, कारण तिचा कंद गोड आणि गुराख्यांना भूक फार.

"आपलं कूळ एकच गं," रुई म्हणे.

"उगीच नातं लावू नकोस," कंदिलासारखी फुले मिरवत खरपुडी म्हणे. "तू उकिरड्यावरही उगवतेस!"

एका शनिवारी बिरा धनगर मारुतीसाठी रुईची पाने न्यायला आला. पाने तोडून त्याने रुईला हात जोडले, मग वळून खरपुडीच्या बुडाशी पहार लावली.

"ताई!" खरपुडी पहिल्यांदाच म्हणाली.

"शेंग उघड. तीच आपली ओळख सांगेल," रुई म्हणाली.

शेंग तडकली आणि रेशमी केसांची एक बी, म्हणजे म्हातारी, उडून बिराच्या मिशीवर बसली.

"आँ? म्हातारी तर रुईची असते!" त्याने रुईची शेंग फोडून पाहिली. दोन्ही बियांना तेच रेशीम होते. "म्हणजे तू मारुतीच्या रुईची धाकटी बहीण! आणि मी तुलाच खायला निघालो होतो!"

त्याने कान पकडले आणि तो उपाशीच परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काटेरी फांद्या घेऊन आला. खरपुडीभोवती त्याने कुंपण घातले आणि पागोट्यात जपलेली ती म्हातारी तिच्याशेजारी मातीत बोटाने खोवली.