डावा पाय

“...पण अंगभर कापड घालूनच का नाही चढता येणार?”

मृणालनं पुन्हा विचारलं. चार महिन्यांत तिसऱ्यांदा.

शेवंताक्का स्टीलचा खांब पुसत होत्या. कोरड्या फडक्यानं, वरून खाली.

“चढ की,” त्या म्हणाल्या.

मृणाल चढली. घोट्यापर्यंतची काळी, तंग विजार तिच्या पायांत होती. दंडात जोर भरपूर. ती सरसर वर गेली, दोन्ही पायांनी खांब आवळला, हात सोडले...

आणि घसरत थेट खालच्या गादीवर आली.

“स्टीलला कापड धरत न्हाई,” अक्का म्हणाल्या. “कातडी धरते. हा नियम माझा न्हाई. स्टीलचा हाय.”

शेवंताक्कांनी सव्वीस वर्षं सर्कशीत काढली होती. तंबूच्या मधोमध उभा केलेला उंच खांब हे त्यांचं काम. सर्कस बंद पडली तेव्हा त्या मिरजेला परतल्या. एका बंद तेलगिरणीच्या शेडमध्ये त्यांनी चार खांब रोवले आणि बायकांना पोल डान्स शिकवायला सुरुवात केली.

गावानं आधी नाकं मुरडली. मग एक नर्स आली. तिच्या मागोमाग एक शिवणकाम करणारी, एक तलाठी, कॉलेजातल्या दोघी. कुणाची कंबरदुखी गेली. कुणी सासरच्या माणसांसमोर मान वर करून बोलायला लागली. सगळ्या हाफपँटवर यायच्या. कुणाच्या पायांकडे बघायला कुणाला सवडच नसायची.

मृणाल आवटी तेवढी वेगळी. वय चौतीस, सांगलीच्या कोर्टात सरकारी वकील. तिच्या उलटतपासणीत भलेभले अडखळायचे. हरायची तिला सवय नव्हती, आणि इथं ती रोज हरत होती.

“तुम्हाला वाटतं मी लाजते,” ती गादीवरून उठत म्हणाली. “तसं नाहीये.”

“मग कसं हाय?”

मृणालनं सरकलेली गादी सरळ केली. मग कोर्टात घटनाक्रम सांगावा तसं, एका दमात म्हणाली, “नऊ वर्षांची होते. बंबातलं उकळतं पाणी सांडलं. डावा पाय, मांडीपासून घोट्यापर्यंत. आई आणि डॉक्टर सोडले तर कुणी पाहिलेला नाही. मला कीव नकोय, अक्का. कुणाचीच. तुमचीसुद्धा.”

अक्का ‘अरेरे’ म्हणाल्या नाहीत. पायाकडे त्यांची नजरही गेली नाही.

“रविवारी दुपारी तीनला ये,” त्या म्हणाल्या. “तेव्हा इथं कुणी नसतं.”

रविवारी अक्कांनी आतून कडी घातली. एक हाफपँट तिच्या हातात दिली. मग कोपऱ्यातलं स्टूल उचललं, भिंतीजवळ नेलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

“हे काय?”

“कपडे बदल. चढ.”

“मला न बघता शिकवणार कसं?”

“ऐकून.”

मृणाल हसली. “म्हणजे साक्षीदार डोळे मिटून बसणार.”



मृणालनं खिडकीची काच पाहिली. तिच्यात तिचं प्रतिबिंब दिसत नव्हतं. अक्कांचं डोकं पाहिलं. ते हललं नव्हतं. तिनं विजार उतरवली.

ती वर चढली. उघडी कातडी स्टीलवर आवळली की कर्र असा आवाज होतो. तो झाला.

“उजवी मांडी बोलली,” अक्का भिंतीला म्हणाल्या. “डावी गप्प हाय.”

“तिथं व्रण आहे. घाम येत नाही, नुसतं गुळगुळीत आहे. त्या पायानं धरताच येत नाही.”

“मग तिला धरायला लावू नकोस.”

“मग तिचं करू काय?”

अक्का नखानं भिंतीचा पोपडा खरवडत राहिल्या.

“अक्का, मी काहीतरी विचारतेय.”

“मला काय ठाऊक? माझे दोन्ही पाय धरायचे.”

मृणालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागारागानं तिनं डावा पाय पुन्हा खांबाला आवळला. पाय सुटला, पकड गेली, आणि ती खांद्यावर आदळली.

अक्कांचा हात स्टुलाच्या कडेवर घट्ट झाला. मान मात्र वळली नाही.

“लागलं?”

“नाही.” आवाजात रडू होतं.

“खरं सांग.”

“...लागलं.”

“पाणी पी. मग चढ.”

असे पाच रविवार गेले. अक्का भिंतीकडे बघून सांगत राहायच्या. “उजव्या गुडघ्यामागं धर... आता काखेत घे... श्वास कोंडलास, सोड.” मृणाल पडायची, चढायची. मधेच विचारायची, “दिसत नाहीये ना तुम्हाला?” अक्का म्हणायच्या, “भिंतीला पोपडे आलेत, ते दिसतात.”

सहाव्या रविवारी उजव्या पायाची पकड पक्की बसली. गुडघ्यामागची खाच, कंबर, काख, सगळं जागच्या जागी. उरला फक्त डावा पाय. मिटला तर खांबाला घासून तोल घालवायचा. मोकळा सोडला तर लोंबायचा.

मृणाल दमली होती. काय करावं ते सुचेना, म्हणून तिनं तो पाय सरळ बाहेर लांबवला. हवेत. खांबापासून जितका दूर जाईल तितका.

आणि तोल सापडला.

ती सावकाश फिरायला लागली. पायाच्या टोकानं हवेत एक मोठं वर्तुळ काढलं. मग दुसरं. सगळं वजन एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला तो भाजलेला पाय, सगळ्या अंगाच्या पुढं पुढं जाणारा. ज्या पायाला तिनं पंचवीस वर्षं उजेड दाखवला नव्हता, तोच आता तिला वळवत होता. तिला हसू आलं. कशाचं ते तिलाही कळलं नाही.

खाली उतरून ती तशीच उभी राहिली. छाती धपापत होती.

“अक्का, वळा.”

“कशाला?”

“मला दाखवायचंय.”

“मला एकटीला?”

तिनं विजार उचलली, घडी घातली, पिशवीत ठेवली. पुन्हा काढली. पायांत चढवली.

दारापाशी जाऊन ती म्हणाली, “बुधवारी बॅचला येते.”

बुधवारी सकाळी ती हाफपँटवर आली.

पाच बायका होत्या. तळहाताला पावडर लावणारे हात थांबले. कातडी सायीसारखी सुरकुतलेली, कुठं पांढरी, कुठं जांभळट. नर्सबाईंनी पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. कोर्टात अशा शांततेचं काय करायचं ते मृणालला चांगलं ठाऊक होतं. इथं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दार अजून उघडं होतं, बाहेर तिची स्कूटर उभी होती...

तिनं खांबावर हात ठेवला.

अक्का या वेळी समोर उभ्या होत्या. तो पाय पहिल्यांदाच बघत होत्या.

मृणाल चढली. उजव्या पायानं धरलं. डावा पाय बाहेर गेला आणि एकेका बाईच्या समोरून फिरायला लागला. पहिल्या फेरीला बायकांनी व्रण पाहिला. दुसऱ्या फेरीला पाय पाहिला. तिसऱ्या फेरीला तो कुठं चाललाय ते बघत त्यांच्या माना त्याच्यामागोमाग वळल्या.

ती खाली आली. नर्सबाई डोळे पुसत होत्या. मृणालनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिला राग आला नाही.

शिवणकाम करणारी रेश्मा तरातरा पुढं आली. खाली बसली. कापड बेतावं तसा तो पाय वरपासून खालपर्यंत पाहिला.

“असा लांब सोडून तोल राहतो कसा?” ती म्हणाली. “मी दोन्ही पायांनी आवळते तरी सुटतो.”

मग तिनं मान वळवली. आवाजात तक्रार होती.

“अक्का, हे आम्हाला का नाही शिकवलं?”

अक्का पुढं आल्या. गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू, रेश्माशेजारी गादीवर बसल्या. मृणालकडे तोंड करून.

“मला येत न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “तिला विचार.”